वेठीचा धागा पऱ्हाटीपासून



सीतादही झाले की उमरखेडच्या शिवारात वेचणी सुरू होते. ओटी बांधून पऱ्हाटीत उतरतात त्या बहुतेक बायाच. त्यांनी वेचलेला कापूस जिनिंगमध्ये जातो, गाठी होऊन सूतगिरणीत पोहोचतो, मग कापड, शिलाई, आणि शेवटी मुंबईच्या किंवा लंडनच्या दुकानातला फॅशनचा झगा. या साखळीत सक्तीचे श्रम नकोत, असे आता मोठमोठे देश म्हणू लागले आहेत. अमेरिकेने २०२१ मध्ये चीनच्या शिनजियांगमधील मालाविरुद्ध कायदा केला, तिथला कापूसही त्यात आला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये वेठीच्या मालाच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा केला, त्याच्या अंमलाची तारीख डिसेंबर २०२७.

या कायद्यांचे स्वागतच आहे. पण तपासनीस येतो तो बहुधा शिलाईच्या कारखान्यात. हजेरीपट पाहतो आणि जातो. वेचणारीचे नाव तर कुठल्याच हजेरीपटावर नसते.

वेठबिगारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साखळदंड येतात. कायदा मात्र तेवढ्यावर थांबलेला नाही. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये स्पष्ट सांगितले की, गरिबीने नाइलाज झाल्यामुळे कुणी किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबत असेल, तर तेही घटनेच्या कलम २३ मधले सक्तीचे श्रमच होत. भूकही माणसाला वेठीस धरते, हे न्यायालयाने मान्य केले.

आता आपल्या गावाकडे पाहू. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, दवाखान्याचा खर्च येतो, म्हणून उचल घेतली जाते, ती पुष्कळदा नवऱ्याच्या नावावर. फेडायची असते बाईने. किलोचा भाव तेव्हाच ठरतो. काटा मालकाचा, वहीही मालकाचीच. शेजारच्या शेतात दोन रुपये जास्त मिळत असले, तरी तिला जाता येत नाही. प्रत्येक उचल म्हणजे वेठ नव्हे. पण उचलीपोटी दुसरीकडे काम करायचा हक्क गेला, किंवा किमान वेतन बुडाले, तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने ती वेठच.

पुढच्या कड्याही पाहा. तामिळनाडूच्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाच्या योजनेखाली कोवळ्या मुलींना तीन वर्षांसाठी नेले गेले. लग्नासाठी एकरकमी पैसा मिळेल, हे आमिष. वसतिगृहाबाहेर पडायची मुभा नाही आणि मुदतीआधी काम सोडले तर रक्कम बुडाली. हुंड्याची धास्ती हीच तिथली बेडी झाली.

काहीजण विचारतील, यवतमाळचा शेतकरीच कर्जात बुडालेला, तो मजुरी कुठून वाढवणार? प्रश्न खरा आहे. वेचणारी आणि कास्तकार यांना एकमेकांसमोर उभे करून वरचे सगळे मोकळे राहतात. म्हणून झग्यावर नफा कमावणाऱ्या कंपनीनेच कापसाला असा भाव दिला पाहिजे की त्यात किमान मजुरी निघेल. नाहीतर अडचण नको म्हणून ती आपला जिल्हाच वगळेल, आणि बाईच्या हातचे काम जाईल.

दिंडीगलचा अनुभव इथे उपयोगाचा आहे. तिथल्या कापड कारखान्यातल्या एका दलित कामगार तरुणीचा २०२१ मध्ये खून झाला. त्यानंतर दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील युनियनने लढून २०२२ मध्ये कारखानदार आणि परदेशी कंपन्या यांच्याशी कायद्याने बंधनकारक करार केला. बायकांच्या छळाविरुद्धचा तो करार मालकाने मोडला, तर कंपन्यांनी त्याच्यावर व्यापारी कारवाई करावी, अशी अट त्यात होती. कामावर नजर ठेवायला कामावरच्याच बाया होत्या.

आपल्याला आज काय करता येईल? एक, उचल, वजन आणि दिलेली मजुरी यांची वही बचतगटाने स्वतः ठेवावी, बाईच्या नावाने. दोन, १९७६ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असायला हवी. त्यात सामाजिक कार्यकर्त्यांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या प्रतिनिधींना जागा आहे. आपल्याकडची समिती कधी बसली, कोण सदस्य आहेत, हे माहिती अधिकारात विचारा. तीन, वेठीचे कर्ज कायद्याने रद्द होते, आणि ‘हे कर्ज वेठीचे नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी सावकाराची असते. हे प्रत्येक वस्तीवर, प्रत्येक तांड्यावर सांगा. चार, केंद्राच्या २०१६ च्या योजनेत मुक्त झालेल्या स्त्रीसाठी दोन लाख रुपयांच्या पुनर्वसनाची तरतूद झाली. त्यासाठी अर्ज करायला तिच्या सोबत जा.

परदेशातला तपासनीस उद्या खरोखरच पऱ्हाटीत आला, तर त्याला दाखवायला मालकाची वही तयार असेल. बाईची वही तयार असेल की नाही, हे मात्र आपल्यावर आहे.