वाळवी न लागलेलं लाकूड

परवा गावातल्या भंगारवाल्याकडे गेलो होतो. एका बंद कारखान्याच्या कूलिंग टॉवरच्या फळ्या त्याने लिलावात घेतल्यात, ट्रकभर. वरून करड्या, पण कापलेल्या टोकाला हिरवट झाक. "वाळवीने हात लावला नाही साहेब," तो कौतुकाने म्हणाला.

का लावला नाही, तिथेच खरी गोम आहे मंडळी. अशा लाकडाला टिकण्यासाठी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं द्रावण दाबाने पाजतात. सीसीए म्हणतात त्याला. शोध आपलाच बरं का! १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी लावलेला. लाकूड टिकलं म्हणजे झाडंही वाचली, त्याबद्दल तक्रार नाही. अमेरिकेत मात्र २००३ अखेर घरगुती बांधकामातून ते बाद झालं. फ्लोरिडात पाडकामाचं लाकूड दळून बागेत पसरायचे, त्यातही हे विष सापडलं.

आपल्याकडे काय होतं? बऱ्या फळ्या सुतार नेतो, तुकडे बेकरीच्या भट्टीला, चुरा ब्रिकेटवाल्याला. आर्सेनिक जळून नष्ट होत नाही. थोडं धुरातून जातं, बाकी राखेत साठतं. आणि चुरा एकदा मिसळला की ब्रह्मदेवालाही निवडता यायचा नाही. उन्हापावसात हिरवा रंगही उडतो, म्हणजे डोळ्यांवर भरवसा नको.

२०१६ च्या पाडकाम कचऱ्याच्या नियमांत मोठ्या बांधकामवाल्यांनी कचरा वेगळा करायचा होता, पण लाकूड आणि प्लॅस्टिक मिळून एकच ढीग! विषारी लाकडाचा वेगळा ढीग नव्हताच.

भंगारवाल्याला झोडपून उपयोग नाही. त्याला कोण सांगणार? लाकूड कसलं घेतलं होतं ते कारखान्याला माहीत असायला हवं. म्हणून लिलावाच्या नोटिशीतच 'औषध पाजलेलं लाकूड, जाळू नये' असं छापणं सक्तीचं करा, आणि विल्हेवाटीचा खर्च विकणाऱ्याकडून घ्या. नगरपालिकेला तसा अर्ज दिलाय. पोच मिळाली, उत्तर नाही.

आमची आई बेकरीतली राख आणून परसातल्या अळूला घालते. बंद कर म्हटलं तर म्हणाली, "आता राखेतही विष?" काल तिने उरलेली राख घंटागाडीत दिली. त्या पोराने ती ओल्या कचऱ्यात ओतली. त्याचं खत होतं.