छिन्नी धरणाऱ्या हाताला माऊसही धरता आला पाहिजे

डहाणू तालुका म्हटला की चिकू, मासळी आणि वारली चित्रं एवढंच बाहेरच्यांना आठवतं. पण चिंचणी, वरोर, वाढवण या पट्ट्यात आणखी एक धंदा घराघरांत रुजला आहे, तो म्हणजे दागिन्यांच्या डाय बनवण्याचा. लोखंडी ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी कोरायची, ठोकळ्याला पाणी द्यायचं आणि मग त्यावर सोन्याचांदीचा पत्रा दाबून सोनाराने शेकडो नग काढायचे. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने या तालुक्यात कारखानदारीवर बंधनं आली. धूर नाही, सांडपाणी नाही, असा हा घरबसल्या रोजगार म्हणूनच मोलाचा.

आज या धंद्यापुढे दोन प्रश्न उभे आहेत. एक वाढवण बंदराचा. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२०० कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली. विरोधात मच्छीमार आणि शेतकऱ्यांच्या बरोबरीने डायमेकरही उतरले. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. दुसरा प्रश्न मात्र गाजावाजा न करता घरात शिरला आहे. तो आहे संगणकाचा.

हाताने जी डाय कोरायला दिवसच्या दिवस जातात, तीच नक्षी संगणकावर एकदा काढली की यंत्र ती हवी तितक्या वेळा कोरतं. मग कारागिराची गरज संपली का? तुम्हीच विचार करा. समजा आजीच्या पुतळीमाळेतली एक पुतळी हरवली आणि तशीच नवी करायची आहे. पुतळीशेजारी पट्टी ठेवून सरळ वरून फोटो घ्यायचा, व्हर्नियरने व्यास आणि जाडी मोजायची, फोटोवरून संगणकात रेषा काढायच्या आणि त्यांना उठाव द्यायचा. इथपर्यंत कुणीही शिकेल. पण पन्नास वर्षं गळ्यात राहून पुतळीचं नाक-डोळे झिजलेले असतात. संगणक झिजलेलं तसंच्या तसं उतरवतो. मूळ उठाव कसा होता, हे ज्याने शेकडो पुतळ्या कोरल्या त्यालाच कळतं.

पुढेही तेच. दागिन्यावर जे वर आलेलं, ते डायमध्ये खोल जातं. कडा सरळ उभ्या ठेवल्या तर पत्रा अडकतो, त्यांना थोडा उतार लागतो. यंत्राच्या टोकापेक्षा बारीक रेघ पडद्यावर सुंदर दिसते, लोखंडात उतरत नाही. हे शहाणपण बापाच्या हातात आहे, पोराच्या हातात माऊस आहे. दोघं एका टेबलाशी बसले तर धंदा टिकेल, नाहीतर दोघंही बाजूला पडतील.

हिशोबातही फायदा आहे. १५ मिलिमीटर व्यासाच्या गोल चकतीचा चांदीचा पत्रा ०.२० मिलिमीटर जाड घेतला तर वजन सुमारे ०.३७ ग्रॅम भरतं, ०.२५ घेतला तर ०.४६. शंभर नगांमागे ९ ग्रॅम चांदीचा फरक. हा अंदाज पत्रा कापण्याआधीच संगणकावर येतो.

खर्चाची धास्ती घेऊ नका. ब्लेंडर, फ्रीकॅड ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. उलट विकतच्या एकाच सॉफ्टवेअरवर विसंबू नये. नक्षीकामाला अनेकांनी वापरलेलं आर्टकॅम त्याच्या कंपनीने २०१८ मध्ये बंद केलं, हा धडा ताजा आहे. कोरणारं यंत्रही प्रत्येक घरी नको, चार घरांत एक पुरे. तलासरीतून रोज उंबरगाव-वापीकडे कामाला जाणाऱ्या आदिवासी तरुणांनाही हे काम गावात शिकता येईल.

एक सावधगिरी मात्र बाळगा. लोखंडी डाय पेटीत कुलूपबंद राहायची, संगणकातली फाइल मोबाइलवरून क्षणात बाहेर जाते. नवं डिझाइन असेल तर बाजारात दाखवण्याआधी २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवा. १० वर्षं संरक्षण मिळतं, पुढे आणखी ५ वर्षं वाढवता येतं. जुन्या पारंपरिक घाटाची मात्र अशी नोंद होत नाही.

आता सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख कर्ज अशी सोय ठेवली. पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे दिली. १८ व्यवसायांच्या यादीत सोनार आहे, लोहार आहे, हातोडा व अवजारं बनवणाराही आहे. डायमेकर हे नाव नाही. नाव नाही म्हणून अर्ज बाजूला पडायला वेळ लागत नाही. ग्रामसभेने आपल्या गावातल्या डायमेकरांची यादी करावी, त्यांचा यादीत समावेश व्हावा असा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि संगणक प्रशिक्षणाची मागणी त्याच ठरावात घालावी. कागदावर ज्याचं नाव नाही, त्याचं नुकसानही कुणी मोजत नाही. बंदराच्या गदारोळात निदान एवढं तरी विसरू नये.