गार्ड कुणी काढला होता?

परवा सरकारी दवाखान्यात एका पोराला भेटून आलो. वय २५, आपल्याच एमआयडीसीत पॉवर प्रेसवर कामाला, पगार १२ हजार. उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेलाय. वर्कशॉपमध्ये सातच माणसं, त्यामुळे ईएसआय नाही. मालकाने कामगारांचा विमा मात्र काढलेला आहे.

चौथ्याच दिवशी विमा कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर वॉर्डात हजर, सोबत वर्कशॉपचा सुपरवायझर. बोलणं गोड. जेवलास का, झोप लागते का, आणि मध्येच, ‘प्रेसचा गार्ड तूच काढला होतास ना?’ पोरगं सरळ. म्हणालं, ‘हो, सगळेच काढतात.’ त्यातलं ‘हो’ तेवढं जबाबात उतरलं. डाव्या हाताने कशीबशी सही झाली.

मेख इथेच आहे. कामगाराचं लक्ष नव्हतं, हात चुकला, एवढ्यावर भरपाई नाकारता येत नाही. पण सुरक्षेचं साधन त्याने जाणूनबुजून काढलं असं दाखवता आलं, तर अशा अंशतः अपंगत्वाच्या केसमध्ये अंग काढून घेता येतं. गार्ड लावला की दिवसाचे नग कमी पडतात. मग तो कोण काढायला लावतं, हे तिथल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. इन्व्हेस्टिगेटर त्याच्या कंपनीचं काम करतो, त्याच्यावर माझा राग नाही. सुपरवायझर मात्र शेजारी उभा राहून गप्प बसला, त्याचं काय?

आता ६० हजार घे आणि ‘फुल अँड फायनल’वर सही कर म्हणतात. कायद्याच्या तक्त्यात अंगठ्याला ३० टक्के आहेत. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००, गुणिले वयाचा आकडा २१६.९१, त्याचे ३० टक्के. होतात ४ लाख ६८ हजार! महिन्याभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, शिवाय दंड.

कुणी घाईत कमी रकमेवर सही केली असेल तरी घाबरू नका. आयुक्तांकडे नोंदवला नसेल तर तसल्या करारामुळे मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी सुटत नाही. १९२३ च्या कायद्यात हे होतं, नव्या संहितेतही आहे. अर्जाला अपघातापासून २ वर्षं मिळतात.

मंगळवारी त्याला वकिलाकडे नेतोय. गार्ड कुणाच्या सांगण्यावरून निघायचा हे सांगायची तयारी असलेलं, त्या प्रेसवर पूर्वी काम केलेलं कुणी असेल तर इनबॉक्स करा. विचारल्याशिवाय तुमचं नाव कुठेही घेणार नाही.