गर्भपिशवी काढण्याची घाई थांबवा : मालेगावकर स्त्री-पुरुषांस जाहीर आवाहन

आमच्या मंडळाच्या एका बेचाळीस वर्षांच्या भगिनीस, पाळी अनियमित झाली, अंगातून वाफा निघू लागल्या व झोप उडाली एवढ्याच तक्रारींवरून, शहरातील एका डॉक्टरांनी पुरेसा तपास न करता 'पिशवी काढून टाका' असा सल्ला गेल्या आठवड्यात दिला, आणि घरच्यांनी तिची इच्छा न विचारताच पैशांची तजवीज आरंभिली, हे कळल्यावर मौन पाळणे आम्हांस अशक्य झाले.

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली. आपल्या देशात ती साधारणतः ४६-४७ व्या वर्षी येते, आणि तत्पूर्वीची काही वर्षे पाळी मागेपुढे होते, चित्त अस्वस्थ राहते. हा रोग नव्हे. क्लेश मात्र खरे आहेत, आणि मागांच्या खडखडाटात दिवसभर कांड्या भरणाऱ्या बाईस ते दुप्पट जाणवतात.

बीड जिल्ह्याचे उदाहरण विसरता येत नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, आणि त्यांतील पुष्कळ जणी चाळिशीही न गाठलेल्या होत्या! खाडा झाला की मुकादम दंड कापतो, या धास्तीने ज्यांनी देह कापून घेतला, त्यांची जबाबदारी कोणी घेतली? अंडाशयेही काढली तर रजोनिवृत्ती तत्काळ ओढवते आणि हाडे अकाली ठिसूळ होतात, हे त्यांना कोणी सांगितले होते काय?

'रजोनिवृत्तीचे क्लेश आमच्या आजींनी निमूट सोसले' हा युक्तिवाद उत्तरास पात्र नाही. कर्करोग वा मोठ्या गाठींसाठी शस्त्रक्रिया अवश्य करावी; आमचा विरोध घाईला आहे.

म्हणून पहिल्याच सल्ल्यावर संमतिपत्रावर सही करू नका. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्या, सरकारी रुग्णालयात दाखवा, औषधोपचाराचा पर्याय आहे का ते स्पष्ट विचारा. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर मात्र विनाविलंब तपासणी करा. पतींनो, पुत्रांनो, पैसे मोजून कर्तव्य संपत नाही. सोबत जा, ऐका.

मोसम नदीच्या दोन्ही तीरांवरील मोहल्ल्यांत हे पत्रक आम्ही मराठी व उर्दूत घरोघर पोहोचवीत आहोत. वर्गणीवाचून, केवळ भगिनींच्या श्रमांवर. ज्यांना शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे, त्यांनी सर्व कागदपत्रांसह प्रथम आमच्याकडे यावे. दुसऱ्या तपासणीस मंडळाची एक भगिनी बरोबर येईल.