पहिला कोण?

२०१८ सालच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, माझा भाचा सहकुटुंब तलमडुगूस आला होता. तो अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात ऑर्लँडो या शहरी असतो. घरातल्या एका लग्नाचे निमित्त होते. पण लग्न आटोपल्यावर त्याच्या बारा वर्षांच्या मुलाला काय दाखवावे, हा प्रश्न पडला. सुदैवाने शेजारच्या गावची जत्रा होती आणि जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड हा आलाच. नातवाला घेऊन मी दुपारीच जाऊन बसलो.

वाचकांपैकी ज्यांचे बालपण अशा गावांत गेले आहे, त्यांना फडाचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. हलगी कडाडत असते. प्रथम नारळावरच्या कुस्त्या होतात; लंगोट सावरीत पाच-सहा वर्षांची पोरे मातीत लोळतात आणि जिंकणारा नारळ छातीशी धरून आईकडे धावतो. मग इनामाची रक्कम चढत जाते आणि दिवस मावळता मावळता मानाची कुस्ती लागते. त्या वर्षी तिला चांदीचे कडे ठेवले होते. जोड लावण्याचे काम गावातले चार जुने वस्ताद करतात. आलेल्या मल्लाकडे ते एकदा पाहतात, कानाची पाळी मोडली आहे की नाही ते पाहतात, कोणाच्या तालमीतला ते विचारतात आणि जोड लावून टाकतात. वजनाचा काटा नाही, कागद नाही.

नातू बराच वेळ निरखून पाहत होता. शेवटी म्हणाला, “आजोबा, यांची रँकिंग कोण ठरवतं?”

“कोणी ठरवीत नाही,” मी म्हटले.

“मग कोण पहिला ते कसं कळतं?”

तेवढ्यात उत्तर आपोआपच मिळाले. एक धिप्पाड मल्ल दंडाला माती लावून फडाभोवती फिरू लागला. कुस्ती मागण्याची ही रीत. तो एक फेरी फिरला, दुसरी फिरला आणि दुसऱ्या फेरीला पलीकडच्या कडेचा एक सडसडीत तरुण उठला. “कोणीच उठलं नसतं, तर तो पहिला,” मी सांगितले. नातवाचे समाधान झाले नाही. आणि त्याला कारण होते. पोरगे ऑर्लँडोहून एक दुखणे खिशात घालूनच आले होते.

ते दुखणे मला त्याच्या बापाने परतीच्या वाटेवर समजावून सांगितले. तिकडे फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा, धडका देण्याचा तो खेळ. महाविद्यालयांच्या संघांचे त्यातील सामने लाखभर प्रेक्षक पाहतात. वरच्या श्रेणीत सव्वाशेच्या वर संघ, आणि प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात बाराच्या आसपास सामने. म्हणजे सर्वांनी सर्वांशी खेळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हंगाम संपला की नववर्षाच्या आगेमागे निवडक संघांचे मानाचे सामने होतात. त्यांना बाउल म्हणतात. बाउल म्हणजे वाडगा. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे वाडग्याच्या आकाराचे क्रीडांगण बांधले गेले, त्यावरून तेथील सामन्याला रोझ बाउल हे नाव पडले आणि पुढे गावोगावच्या सामन्यांनी ते उचलले. कोठे ऑरेंज बाउल, कोठे शुगर बाउल, कोठे पीच बाउल. आमच्याकडे नारळ, त्यांच्याकडे संत्री नि साखर; जत्रेचे मूळ सर्वत्र खाण्यातच असावे!

परंतु या वाडग्यांतून शेवटी एकच एक विजेता निघत नसे. तो ठरविला जाई मतांनी. १९३६ सालापासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांची मते घेऊन क्रमवारी लावीत आली आहे. १९५० पासून प्रशिक्षकांचीही निराळी मतमोजणी सुरू झाली. यातील गंमत अशी की, कित्येक वर्षे शेवटचे मत बाउलच्या सामन्यांपूर्वीच घेतले जाई. १९६४ च्या हंगामात अलाबामाला पत्रकारांनी पहिले ठरविले, आणि १ जानेवारी १९६५ रोजी ऑरेंज बाउलमध्ये टेक्सासने त्याच अलाबामाला हरविले. निवाडा लागल्यावर साक्षीदार उभा राहावा, तसे झाले. पुढल्या वर्षी पत्रकारांनी बाउल संपेपर्यंत थांबून पाहिले आणि १९६८ पासून ती रीतच पडली. प्रशिक्षक मंडळी त्याहून हटवादी. १९७३ च्या हंगामात त्यांनीही अलाबामालाच मुकुट घातला आणि वर्षअखेरीस शुगर बाउलमध्ये नोत्र दामने एका गुणाने त्यांचा पराभव केला, तेव्हा कोठे १९७४ पासून त्यांनी आपली सवय बदलली. त्यानंतरही १९९०, १९९१ आणि १९९७ या वर्षी पत्रकारांचा पहिला एक आणि प्रशिक्षकांचा पहिला दुसराच, असा प्रकार घडला. २०१४ पासून निवड समिती चार संघ निवडू लागली आणि त्यांच्यात बाद फेरी होऊ लागली. २०२४ पासून ही संख्या बारा झाली आहे.

२०१७ च्या हंगामात ते चारच होते, आणि नातवाचे दुखणे तेथेच होते. त्याच्या गावचे विद्यापीठ, सेंट्रल फ्लॉरिडा, त्या हंगामात एकही सामना हरले नव्हते. तेरा खेळले, तेरा जिंकले. शेवटचा विजय १ जानेवारी २०१८ रोजी पीच बाउलमध्ये ऑबर्नवर. आणि या ऑबर्नने त्याच हंगामात जॉर्जियालाही हरविले होते आणि अलाबामालाही. (जॉर्जियाने पुढे त्याची परतफेड केली, हेही सांगितले पाहिजे.) अंतिम सामना झाला तो अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांत. अलाबामा विजयी ठरले. सेंट्रल फ्लॉरिडाला चौघांतही घेतले नव्हते. कारण, समितीच्या मते, त्यांनी ज्यांना हरविले ते संघ दुबळे होते. आम्ही जत्रेला गेलो त्याच आठवड्यात पत्रकारांची अखेरची यादी प्रसिद्ध झाली. सेंट्रल फ्लॉरिडा सहावे. पहिल्या क्रमांकाची मते मिळाली अवघी चार. विद्यापीठाने मात्र स्वतःला राष्ट्रीय विजेते म्हणून घोषित केले, मिरवणूक काढली आणि क्रीडांगणावर तसा फलकही लावला. एका गणिती पद्धतीने त्यांना खरोखरच पहिले ठरविल्यामुळे अधिकृत नोंदपुस्तकातही त्यांचे नाव आले.

“पण आजोबा, आम्ही हरलोच नाही ना,” असे तो पोरगा म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज इतका गंभीर होता की मला हसता आले नाही. मला आमच्या गावचे पहिलवान आठवले.

त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांना ते आवडणार नाही. आज ते सत्तरीच्या पुढे आहेत आणि म्हशींची उस्तवार करतात. चाळीस वर्षांपूर्वी मात्र आमच्या पट्ट्यातील जत्रांत त्यांच्यापुढे उठायला माणूस मिळत नसे. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर त्यांनी कडी जिंकली. किनवटकडील एक नामांकित मल्ल होता. त्याला त्यांनी एकाच मोसमात दोन जत्रांत अस्मान दाखविले. पुढल्या वर्षी तोच मल्ल आपल्या जिल्ह्यातर्फे महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेसाठी गेला. आमच्या पहिलवानांनीही चौकशी केली. त्यांना सांगण्यात आले की, संघ महाराष्ट्रातील जिल्ह्यांचे येतात आणि तुमचा जिल्हा त्या यादीत नाही.

खरेच नव्हता. १९५६ पूर्वी किनवट आणि तलमडुगू दोन्ही एकाच आदिलाबाद जिल्ह्यात, हैदराबाद राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी किनवट आणि राजुरा नांदेडला जोडले गेले, राजुरा पुढे चांद्याला गेले, आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २ जून २०१४ पासून तेलंगणात आहोत. रेषा आखणाऱ्यांनी भाषा मोजली, नद्या मोजल्या, पण कुस्तीच्या जोडी कोण मोजणार? आमच्या गावात आजही घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि गोंडी आहे, आणि कोणालाही त्यात अडचण वाटत नाही. मला तक्रार करावयाची नाही. नियम असावेच लागतात. परंतु ज्याला दोनदा पाडले त्याचे नाव यादीत आणि पाडणाऱ्याचे नाही, हे त्या माणसाने जन्मभर जवळ बाळगले आहे, एवढे मी जाणतो.

म्हणून नातवाला दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे घेऊन गेलो. गोष्ट ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ते अलाबामावाले तुमच्यासंगं लढायला नाही म्हनले का?” नातू म्हणाला की, त्यांना कोणी विचारलेच नाही. पहिलवान हसले. “मग ते पयलेही नाहीत अन् तुमीही नाहीत. कुस्ती झालीच नाही.” मुलाला ते मुळीच पटले नाही. मलाही त्या वेळी हा निवाडा थोडा कठोर वाटला.

परंतु पुढे महाराष्ट्र केसरीचेच जे झाले, त्यामुळे त्या निवाड्याची आठवण वारंवार होते. ही स्पर्धा १९६१ साली औरंगाबादेस सुरू झाली आणि सांगलीचे दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. तिची रचना विचारपूर्वक केलेली आहे. गादीवरचे मल्ल आपापसांत लढतात, मातीवरचे आपापसांत, आणि दोन्ही विभागांचे विजेते अखेरीस एकमेकांसमोर येतात. गदा एकच, म्हणून उत्तरही एकच. निदान तसे असावे, ही अपेक्षा.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला शिवराज राक्षे यांनी महेंद्र गायकवाड यांना एका मिनिटाच्या आत चीत करून गदा मिळविली. मात्र त्याआधी माती विभागाच्या निर्णायक लढतीत गायकवाड यांच्या बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले, ते योग्य की अयोग्य यावर सिकंदर शेख यांच्या चाहत्यांनी महिनाभर महाराष्ट्र दणाणून सोडला. टांग एकच, पाहणारे लाखो, आणि प्रत्येकाच्या हातातील दूरध्वनीवर ती पुनःपुन्हा हळू चालवून पाहण्याची सोय! एवढे पाहूनही लोकांचे एकमत झाले नाही. मला वाटते, जितके अधिक पाहिले तितके कमी झाले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात तर संघटनाच दोन झाल्यामुळे स्पर्धाही दोन भरल्या. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख यांनी शिवराज राक्षे यांना हरवून गदा उचलली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत धाराशिवला राक्षे यांनी दुसरी. २०२५ सालीही तसेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ विजयी झाले. तेथे पंचांच्या निर्णयावरून वादंग होऊन दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. मार्चमध्ये कर्जतला दुसऱ्या संघटनेची स्पर्धा झाली आणि वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाले. एका वर्षात दोन केसरी. अमेरिकेतील पत्रकार आणि प्रशिक्षक यांचे जे होत असे, ते आता आपल्या घरी आले. फरक एवढाच की, तेथे सर्वांना एकमेकांशी खेळणे अशक्य होते म्हणून मते घ्यावी लागली. येथे दोन माणसांना एका हौद्यात उतरविणे मुळीच अशक्य नव्हते. या मल्लांचा मी दोष मानीत नाही. पहाटे चारला उठून जोर काढणाऱ्याच्या घामाला संघटनेचे नाव नसते. पण उद्या त्यांच्या गावच्या पोरांनी विचारले की त्या साली पहिला कोण होता, तर वडीलधाऱ्यांनी सांगावे काय?

अमेरिकेतही बारा संघ घेतल्याने सारे मिटले असे नाही. २०२४ च्या हंगामात ओरेगॉन बाउलच्या सामन्यांपर्यंत अजिंक्य होते आणि त्यांनी ओहायो स्टेटला एका गुणाने हरविलेही होते. १ जानेवारी २०२५ ला रोझ बाउलमध्ये त्याच ओहायो स्टेटने त्यांना लोळविले आणि पुढे नोत्र दामला हरवून विजेतेपद मिळविले. हंगामात दोनदा हरलेला संघ पहिला ठरला आणि त्याबद्दल फारशी ओरड झाली नाही. कारण जो निकाल लागला तो मैदानात, सर्वांच्या देखत लागला. मला हे आपल्या फडाच्या जवळचे वाटते. मागच्या जत्रेत पडलेला मल्ल या जत्रेत कडे घेऊन जातो, तेव्हा त्याला मागचे कोणी विचारीत नाही.

नातू आता मोठा झाला आहे. २०२५ च्या मार्चमध्ये त्याचा दूरध्वनी आला. कोठून तरी त्याने कर्जतच्या कुस्तीची चित्रफीत पाहिली होती. “आजोबा, आता तुमच्याकडेही दोन-दोन चँपियन! त्या पहिलवान आजोबांना विचारा ना, खरा कोण?” त्याच्या आवाजात थोडी फुशारकी होती, आणि ती त्याला शोभत होती.

मी सायंकाळी त्यांच्या गोठ्याकडे गेलो. त्यांना दोघांची नावे ठाऊक होती. नातवंडांनी दोन्ही कुस्त्या दाखविल्या होत्या. दोघांचेही त्यांनी कौतुक केले, विशेषतः पायांतील चपळाईचे. मी प्रश्न सांगितला. हातातला पेंढा खाली न ठेवता ते म्हणाले, “दोघायची जोड लावली का?”

“नाही,” मी म्हटले.

“मग मले काय इचारता?” असे म्हणून ते म्हशीला पेंढा टाकू लागले.