निसर्ग बघून घेईल?

"अहो, कुत्री आहे ती. आपली आपण विते. तिला कुठला आलाय डॉक्टर!" शेजारच्या वहिनी म्हणाल्या. खरं सांगते, मलाही ते पटलं. माहेरी गोठ्यात गाई-म्हशी विताना पाहूनच मोठी झाले ना मी!

आमची राणी म्हणजे फाटकाशी येऊन राहिलेली गावठी कुत्री. २०२४ च्या पावसाळ्यात तिचे दिवस भरत आले, तेव्हा जिन्याखाली जुन्या गोधड्या घालून दिल्या. एका रात्री तिने जेवण सोडलं. गोधड्या उकरायला लागली, धापा टाकायला लागली. पहाटे जोराच्या कळा सुरू झाल्या. मी पाठीवरून हात फिरवत बसले. एक तास, दोन तास... पिल्लू काही येईना. मग हिरवट-काळं पाणी गेलं, तेव्हा कुठे मुलाला उठवलं आणि रिक्षाने दवाखाना गाठला.

"आजी, जोराच्या कळा येऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, तर थांबायचं नसतं," डॉक्टर म्हणाले. "आणि पहिल्या पिल्लाआधीच हिरवं पाणी गेलं, म्हणजे आत वार सुटायला लागली." एक पिल्लू आडवं अडकलं होतं. सिझेरियन करावं लागलं. एकेक पिल्लू माझ्या हातातल्या टॉवेलात येत होतं. "चोळा, चांगलं चोळा!" चार पिल्लं कुंई कुंई करू लागली. पाचवं मी कितीतरी वेळ चोळत होते.

त्याच वेळी राणीचं गर्भाशयही काढून टाकलं. ते आधीच करायला हवं होतं. ज्या कुत्रीला आपण रोज भाकरी घालतो, तिची नसबंदी करणं हीसुद्धा आपलीच जबाबदारी, असं माझं आता स्पष्ट मत आहे.

आणि ते राहून गेलंच, तर निदान थर्मामीटर जवळ ठेवा. कुत्रीचे दिवस साधारण ६३, पण रस्त्यावरच्या कुत्रीचे मोजणार कोण? एरवी तिचं तापमान १०१ ते १०२ च्या आसपास असतं. ते ९९ च्या खाली उतरलं, की बहुधा दिवसभरात ती विते. रात्री उघडा असणारा दवाखाना आधीच शोधून ठेवा.

निसर्ग बघून घेतो, हे खरंच आहे. पण अडलेली आई मरणं हेही निसर्गच आहे, हे आपण सोयीने विसरतो.

"येत नसेल तर विचारा, लाजू नका," असं मी वर्गात आयुष्यभर सांगत आले. त्या पहाटे फोन माझ्या हाताशी होता. मीच विचारलं नाही.