ज्युरीच्या बाकावर कोण बसले होते?

दरवर्षी १ ऑगस्टला आमच्या मिरजेच्या शाळांतून लोकमान्यांवर भाषणे होतात. शेंगांच्या टरफलांची गोष्ट होते, मंडालेचा तुरुंग येतो. पण टिळकांना दोषी ठरवले कोणी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शिक्षा न्यायमूर्ती दावर यांनी सुनावली हे खरे. गुन्हा शाबीत असल्याचा कौल मात्र नऊ जणांच्या ज्युरीने दिला होता. हे नऊ जण कोण होते, यातच त्या खटल्याचे मर्म आहे.

ज्युरी म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले पंच. पुरावा ऐकून त्यांनी दोषी की निर्दोष ते सांगायचे. आरोपीचा न्याय त्याच्यासारख्याच माणसांनी करावा, ही त्यामागची कल्पना. ‘त्याच्यासारखी माणसे’ म्हणजे कोण, हे हिंदुस्थानातल्या गोऱ्यांना चांगले ठाऊक होते. १८८३ साली इल्बर्ट बिलावरून त्यांनी केवढे काहूर उठवले! अखेर १८८४ च्या कायद्याने गोऱ्या आरोपीला निम्मी तरी ज्युरी युरोपीय किंवा अमेरिकन मागण्याचा हक्क मिळाला.

टिळकांच्या वाट्याला काय आले? १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीत ६ युरोपीय आणि ३ हिंदी होते. कौलही ६ विरुद्ध ३ असाच पडला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १९०८ मध्ये सरकारने ‘स्पेशल ज्युरी’ मागितली. बॅ. जोसेफ बॅप्टिस्टा यांनी हरकत घेतली की, अशा ज्युरीत बहुसंख्य युरोपीय येतील, त्यांना मराठी कळणार नाही आणि खटला तर मराठी लेखांवर आहे. हरकत फेटाळली गेली. ७ युरोपीय आणि २ पारशी बसले. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे ‘केसरी’तले लेख त्यांच्यापुढे आले ते इंग्रजी भाषांतराच्या वेषात. एकेका शब्दाच्या अर्थासाठी टिळक २१ तासांहून अधिक बोलले. २२ जुलैला कौल आला, ७ विरुद्ध २. शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची.

या खटल्याचा शब्दशः वृत्तांत न. चिं. केळकरांनी प्रसिद्ध केला. मिरज संस्थानातल्या मोडनिंबचा जन्म, मिरजेत शिक्षण, साताऱ्यात वकिली, असा हा आपल्याच भागातला माणूस. तो वृत्तांत वाचताना मला जाणवते की, इथे कुणी कायदा मोडला नव्हता. सारे नियमानुसार झाले. अन्याय निवडीतच होता.

ही केवळ जुनी, परक्या राज्यातली गोष्ट नव्हे. अमेरिकेत काळ्यांना ज्युरीबाहेर ठेवणारा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्येच रद्द केला. तरी कारण न देता ज्युरर वगळण्याची वकिलांची मुभा राहिली आणि तिच्या आडून तेच चालले. १९८६ च्या बॅटसन निकालाने वंशावरून असे वगळण्यास मनाई केली. पुढे मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्स या काळ्या आरोपीवर एकाच प्रकरणात सहा खटले चालले. त्यांत सरकारी वकिलाने वगळण्याजोग्या ४२ काळ्या ज्युररांपैकी ४१ जणांना वगळले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, तीही ७ विरुद्ध २ मतांनी. पुढच्याच वर्षी आरोप मागे घेतले गेले. तोवर दोन दशके तुरुंगात गेली होती.

आपल्याकडे नानावटी खटल्यात १९५९ साली ज्युरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोषत्वाचा कौल दिला आणि उच्च न्यायालयाने तो फिरवला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थानच उरले नाही. ते बरेच झाले, असे पुष्कळजण म्हणतात. माझेही मत फारसे वेगळे नाही. पण ज्युरी गेली म्हणून प्रश्न गेला नाही. मिरजेत एकाच गल्लीत मराठी, कानडी आणि दखनी ऐकू येते. इथला माणूस आपल्या बोलीत साक्ष देतो आणि ती कागदावर दुसऱ्याच भाषेत उतरते, तेव्हा बॅप्टिस्टांची हरकत पुन्हा उभी राहते. न्यायासनावर, सरकारी वकिलाच्या खुर्चीत, ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे कोणत्या समाजातली, कोणती भाषा कळणारी माणसे बसतात, हे विचारणे म्हणजे न्यायालयाचा अनादर नव्हे. लोकमान्यांच्या नावाने भाषणे करणाऱ्यांनी तरी ते विचारलेच पाहिजे.